गाडीत उंदीर शिरतायत? वासाचे उपाय सोडा, वाट बंद करा

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही घणसोलीला राहतो, स्टिल्ट पार्किंग आहे. माझं वर्क फ्रॉम होम असल्यामुळे गाडी आठवडाभर जागेवरच, फक्त रविवारी निघते. या पावसाळ्यात दोनदा वायरिंग कुरतडलं. तंबाखूची पानं ठेवली, डांबर गोळ्या टांगल्या, स्प्रे मारला, अल्ट्रासोनिक मशीनही लावलं, काही फरक नाही. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, बदला. काय करू?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : एवढं करून फरक का पडला नाही ते आधी सांगतो. उंदीर गाडीत वायर खायला येत नाही, तो येतो कोरड्या, उबदार, अंधाऱ्या जागेसाठी. पावसात गटाराकडेची बिळं पाण्याने भरतात आणि तुमची गाडी आठवडाभर हलत नाही, म्हणजे त्याला घरटं करायला निवांत जागा मिळाली. वायर कुरतडतो कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला 10 सेंमीच्याही वर, ते झिजवायला काहीतरी लागतंच, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूचा फोम, एसी फिल्टरचा कागद हे तो अंथरायला नेतो. गाभण मादी साधारण 3 आठवड्यात पिल्लं देते. गणपतीला गाडी इथेच ठेवून ट्रेनने कोकणात गेलेल्यांना परत आल्यावर फिल्टरमध्ये अख्खं घरटं सापडतं ते यामुळेच.

तंबाखू, फिनेल, पुदिन्याचं तेल यांचा वास नवा असतो तोवर उंदीर बिचकतो, मग वास उडतो आणि त्याला सवयही होते. अल्ट्रासोनिकचा आवाज कुठल्याही अडथळ्याच्या पलीकडे नीट पोचत नाही आणि बॉनेटखाली तर सगळे अडथळेच आहेत, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. डांबर गोळ्या मात्र आजच काढून टाका, त्यांची वाफ एसीतून गाडीच्या आत येते आणि लहान मुलांना ती घातक आहे, ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांच्या तर रक्तपेशी फुटू शकतात.

आता काय करायचं ते. दिवसा बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डब्यात, वायपरखालच्या जाळीत नीट बघा. साधारण 1 सेंमीच्या टोकदार लेंड्या दिसल्या तर तो चढणारा काळा उंदीर, गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हाच असतो, टायरवरून सस्पेन्शनला धरून वर येतो. जमिनीत मातीचा ढीग काढून बिळं केली असतील तर ती घूस, तिचा बंदोबस्त बागेत आणि चेंबरपाशी करायचा. आणि पार्किंगमध्ये लांब नाकाडाची, उग्र वासाची चिचुंद्री फिरत असेल तर तिला मारू नका हो, ती मुख्यतः किडे खाते, तुमच्या वायरींशी तिचं काही घेणंदेणं नाही.

घरटं सापडलं तर सुक्या झाडूने झाडू नका आणि ब्लोअर अजिबात चालू करू नका, सगळी धूळ तोंडावर येईल. हातमोजे, मास्क घाला. गाडीच्या आत किंवा जमिनीवर घाण असेल तर 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी शिंपडून 5 मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. बॉनेटखाली ब्लीच नको, धातू आणि कनेक्टर गंजतात, तिथे जंतुनाशकात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो हे आपल्याकडे दर पावसाळ्यात कळतंच, त्यामुळे हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदराची घाण साफ केली होती हे आवर्जून सांगा. ही सफाई टाळू नका, मुताच्या वासाचा माग काढत दुसरे उंदीर तिथेच येतात.

मग वाट बंद करायची. वायपरखालून बाहेरची हवा आत घेणारं तोंड असतं त्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या, भोक 6 मिमीपेक्षा मोठं नको. जिथून पेन्सिल जाते तिथून घरातला छोटा उंदीर जातो, हा अंदाज ठेवा. प्लास्टिकची जाळी एका रात्रीत कापतात. रेडिएटरवर, सायलेन्सरपाशी, पंख्याच्या किंवा बेल्टच्या आसपास काहीही कोंबू नका, आग लागेल. वायरींना मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली टेपही गुंडाळता येते, होंडाने अशी टेप काढलेली आहे, पण ती जाळी आणि सफाई झाल्यावरची गोष्ट. गाडी भिंतीपासून, पाइपांपासून जरा लांब लावा आणि एक दिवसाआड तरी सोसायटीबाहेर चक्कर मारून आणा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका.

हार्नेसबद्दल दुसरं मत घ्याच. तुटलेल्या वायरी मोजक्या असतील तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्या जोडून, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवून देतो आणि खर्च खूपच कमी येतो. फक्त एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेच्या) वायरींना असं जुगाड नको, तिथे कंपनी सांगेल तेच. आणि सकाळी पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर चावी फिरवूच नका, सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा. रबरी पाइपही हे कुरतडतात.

प्रश्न : आमच्या कमिटीने पार्किंगमध्ये उंदराचं औषध टाकायचं ठरवलंय, माझा विरोध आहे पण मला वेड्यात काढतात. वाशीत एपीएमसीजवळ राहतो, उंदीर खरंच खूप आहेत.
(एक वाचक, वाशी)

उत्तर : तुमचा विरोध बरोबर आहे, मीटिंगमध्ये ठामपणे मांडा. वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने तर काही दिवस जातात, तेवढ्यात तो कुणाच्या तरी डॅशबोर्डमागे जाऊन मरतो आणि तो वास काढायला अख्खा डॅश उतरवावा लागतो. तो मेलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर सोसायटीच्या आवारात येऊच देऊ नका, तिच्यावर उतारा नाही, लिव्हर निकामी होतं, आणि पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात. चिकट पॅडही नको, त्यावर पाली, चिमण्या, साप तडफडून मरतात.

त्यापेक्षा ओल्या कचऱ्याचे ड्रम पार्किंगमधून हलवा, झाकणं घट्ट असू द्या, रात्री कचरा उघडा राहता कामा नये, कबुतरांना दाणे टाकणं आणि मांजरांसाठी ताटल्या रात्रभर ठेवणं थांबवा. खायला मिळतंय तोवर तुम्ही किती मारलेत तरी नवे येतात. ड्रेनेजच्या तुटलेल्या जाळ्या आणि पाइपाभोवतीची भोकं सिमेंटने बुजवून घ्या. पिंजरे लावायचे तर भिंतीला लागून, कारण उंदीर कडेकडेने पळतो, आणि पहिल्या दोनतीन रात्री सुकट किंवा भजी आत ठेवून दार उघडंच बांधून ठेवा. नव्या वस्तूला तो घाबरतो, एकदा निर्धास्त आत जायला लागला की मग सापळा लावा.

प्रश्न : सकाळी बॉनेटमधून मांजराच्या पिल्लाचा आवाज येतो, हात घालायची भीती वाटते. घोडबंदर रोडला राहते.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, आधी गाडी चालू करू नका, पंखा आणि बेल्टमध्ये सापडून पिल्लं मरतात. बॉनेटवर जोरात थापा मारा, हॉर्न द्या, बॉनेट उघडा आणि लांब उभ्या राहा, आई आसपास असेल तर बऱ्याचदा तीच घेऊन जाते. तासाभरात नाही निघालं तर मेकॅनिककडून खालचं कव्हर काढून घ्या. पावसाळाभर निघताना बॉनेटवर थाप मारायची सवयच लावून घ्या.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी बंगला आहे, गॅरेजमध्ये दोनदा मोठा साप दिसला. गाडीत शिरला तर?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची कूसच, साप दिसणारच. मोठा आणि सडपातळ म्हणजे धामण असू शकते, ती बिनविषारी, पण ओळख पटवायला जवळ जाऊ नका, नागही तिथे आहेत. साप येतो उंदरांच्या मागे, म्हणून वरचं सगळं तुम्हालाही लागू. शटरखाली फट असेल तर रबरी पट्टी नको, ती उंदीर खातात, पत्र्याची पट्टी ठोका. जुने टायर, पुठ्ठे, लाकडं गॅरेजमधून काढा. साप गाडीत गेला असं वाटलं तर काठी घालू नका, गाडी चालू करू नका, सगळ्यांना लांब करा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा. तोवर एकाने लांबून नजर ठेवायची, कुठून गेला हे सांगता आलं तर येणाऱ्याचं काम सोपं होतं.

प्रश्न : उंदराने केलेलं नुकसान इन्शुरन्समध्ये मिळतं का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर कंपनीप्रमाणे आणि पॉलिसीप्रमाणे बदलतं, म्हणून रिन्यू करताना ईमेलवर लेखी विचारून ठेवा. नुकसान दिसलं की आधी फोटो काढा, लेंड्यांसकट, मग कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका.