वाचकांचे प्रश्न : धूर निवला, तंबाखू तोंडातच

प्रश्न : महाराष्ट्रात जेमतेम ४ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, असे वाचनात आले. आमच्या गावात दुपारी पारावर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तळहातावर तंबाखू असते. मग ही आकडेवारी खरी कशी मानायची?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : आकडा खरा आहे आणि आपण पारावर पाहता तेही खरे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के निघाले. देशाचे हेच आकडे अनुक्रमे १०.७ आणि २१.४ टक्के होते. म्हणजे विडी-सिगारेटच्या बाबतीत आपण देशाच्या सरासरीच्या बरेच खाली आहोत आणि तंबाखू मळण्या-चघळण्यात सरासरीच्याही पुढे. २००९-१० च्या सर्वेक्षणात राज्यातील हे आकडे ६.६ आणि २७.६ टक्के होते, तेव्हा घट दोन्हींकडे झाली. पण धूम्रपान दोन-पंचमांशाहून अधिक उतरले, तर तोंडातली तंबाखू जेमतेम नवव्या हिश्श्याने.

या तफावतीचे एक कारण कायद्याच्या घडणीत आहे, असे आम्हांला वाटते. २००३ च्या केंद्रीय कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आली व २०० रुपयांपर्यंत दंड ठरला. या बंदीचा आधार शेजारच्या माणसाच्या श्वासात जाणारा धूर हा आहे. एस.टी.त शेजारी बसून कोणी बार भरला, तर ही तरतूद त्याला लागूच होत नाही; तो खिडकीतून पिंक टाकेपर्यंत कोणी हरकतही घेत नाही. गुटखा व पानमसाला यांवर राज्याने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली, पण ती अन्नसुरक्षा कायद्याखाली, एका वेळी एका वर्षापुरती, आणि म्हणून दरसाल नव्या आदेशाने वाढवावी लागणारी. पुढे सुगंधित तंबाखूलाही तिने कवेत घेतले. साधी पानतंबाखू आणि चुन्याची डबी मात्र तिच्याबाहेर राहिली, आणि आपल्या पारावर नेमके तेच चालते.

सचित्र इशाऱ्याचेही तसेच. एप्रिल २०१६ पासून तो वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापतो. परंतु टपरीवर एकच सिगारेट सुटी घेणाऱ्याला किंवा शेजाऱ्याच्या चंचीतून चिमूट मागणाऱ्याला तो दिसणार कसा? विडी-सिगारेटच्या सुट्या विक्रीवर राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली ती याच विचाराने. मागून खाल्लेल्या चिमटीवर अर्थातच कोणताही आदेश चालत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई रोज सकाळी मिश्री लावतात आणि हे व्यसन नसून दात घासणे आहे, असे सांगतात. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मिश्री. भाजल्याने तिच्यातील निकोटीन नाहीसे होत नाही, आणि ते हिरड्यांवाटे रक्तात उतरते. सकाळची एक वेळ पुढे जेवणानंतर, मग दुपारच्या कामानंतर अशी वाढत जाते, यावरूनच हे दंतमंजन नव्हे हे कळावे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांच्या उत्पादनावर व विक्रीवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती शिवत नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिला या सवयीपासून आवर्जून दूर ठेवावे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते, आणि त्या मातांत मिश्री लावणाऱ्या पुष्कळ होत्या. सासूबाईंना रागावून उपयोग होणार नाही. तलफेच्या वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवून एकेक वेळ कमी करता येते, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रश्न : शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्री नको, हे अंतर मोजायचे कोठून? टपरीवाला म्हणतो, फाटकापासून त्याची टपरी लांब आहे.
— एक मुख्याध्यापक, जि. नाशिक

उत्तर : फाटकापासून नव्हे. नियमानुसार हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या किंवा आवारभिंतीच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते, आणि १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. वळणाच्या रस्त्याने पावले टाकत गेल्यास टपरी सहज हद्दीबाहेर जाते. तीच शाळेच्या मागच्या भिंतीपासून फीत ताणून मोजली, तर बहुधा आत येईल. या मनाईचा फलक शाळेच्या बाहेर ठळकपणे लावण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे, तेव्हा तक्रार करण्यापूर्वी तो जागेवर असल्याची खात्री करून घ्यावी.