वाचकांचे प्रश्न : आपण वाढतो, शत्रूही वाढतात

फँटसी रोल-प्लेइंग गेममधल्या लढाईबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे. लेव्हल वाढली, तरी खेळ सोपा व्हायच्या ऐवजी अवघड का होत गेला? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम यांच्यावर सर्वांत जास्त प्रश्न होते, म्हणून जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

प्रश्न : ऑब्लिव्हियनमध्ये माझं पात्र लेव्हल 18 ला आहे. सुरुवातीला दोन-तीन घावांत पडणारे गॉब्लिन आता कितीही मारले तरी पडत नाहीत, आणि साधे डाकूसुद्धा काचेचं चिलखत घालून फिरतात. मेजर स्किलमध्ये ब्लेड, लाइट आर्मर, अ‍ॅथलेटिक्स, अ‍ॅक्रोबॅटिक्स, मर्कंटाइल, स्पीचक्राफ्ट आणि सिक्युरिटी घेतलं आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पण दुखणं कुठे आहे ते आधी समजून घ्या. ते तुमच्या यादीतच आहे.

2006 च्या मूळ ऑब्लिव्हियनमध्ये सात मेजर स्किल मिळून दहा अंक वाढले की लेव्हल मिळते. ते दहा अंक कशातून आले याच्याशी गेमला काही देणंघेणं नसतं. तुमच्या सातपैकी पाच स्किल अशी आहेत की धावलं, उड्या मारल्या, माल विकला, कुलपं उघडली, लोकांशी गोड बोललं की ती वाढतात. म्हणजे तलवारीला हात न लावताही लेव्हल चढते. शत्रू मात्र फक्त तुमच्या लेव्हलचा आकडा बघतो. तुमची तलवार लेव्हल 8 च्या पात्राला शोभेल अशी, आणि समोरचा गॉब्लिन लेव्हल 18 ला साजेसा. गॉब्लिन वॉरलॉर्डसारख्या शत्रूंची हेल्थ तर तुमच्या लेव्हलच्या पटीत वाढत राहते, म्हणून ती दरी दर लेव्हलला आणखी रुंद होते.

दुसरी गळती एंड्युरन्सची, म्हणजे पात्राच्या दमदारपणाच्या गुणाची. दर लेव्हलला त्या वेळच्या एंड्युरन्सच्या एक दशांश इतकी हेल्थ मिळते. एंड्युरन्स 40 असेल तर 4, 100 असेल तर 10. नंतर एंड्युरन्स वाढवला तरी मागच्या लेव्हलची राहिलेली हेल्थ भरून मिळत नाही. म्हणून नवं पात्र करणाऱ्यांनी सगळ्यात आधी एंड्युरन्सच वाढवावा, बाकी गुण मागाहून.

आता यापुढे काय करायचं ते सांगतो. लेव्हल चढताना तीन गुण वाढवता येतात, आणि प्रत्येकाला किती अंक मिळतील हे त्या लेव्हलमध्ये त्या गुणाची स्किल किती वाढली यावर ठरतं. एकही वाढलं नसेल तर +1, 1 ते 4 वाढली तर +2, 5 ते 7 ला +3, 8-9 ला +4, आणि 10 किंवा जास्त असतील तर +5. एंड्युरन्सची स्किल तीन : आर्मरर, ब्लॉक, हेवी आर्मर. तुमच्याकडे ही तिन्ही मायनर, म्हणजे सात मेजरच्या बाहेरची, आहेत, आणि तुमच्यासाठी ती चांगलीच गोष्ट आहे, कारण ती वाढवल्याने लेव्हल पुढे सरकत नाही. दर लेव्हलला प्रशिक्षकाकडून जास्तीत जास्त पाच अंक विकत घेता येतात. ते पाचही आर्मरर किंवा ब्लॉकमध्ये घाला. उरलेले पाच ढाल धरून एखाद्या दुबळ्या शत्रूचे घाव झेलत आणि मोडकी हत्यारं हातोडीने दुरुस्त करत मिळवा. दहा झाले की मगच झोपा. लेव्हल झोपल्याशिवाय चढत नाही, त्यामुळे कोपऱ्यात बाणाची खूण दिसली तरी घाई नाही. तोवर जग जुन्याच लेव्हलवर थांबलेलं असतं आणि तुमचं ब्लेड वाढत राहतं.

हे सगळं फळाला यायला वेळ लागेल. आजच्या लढाईसाठी तीन गोष्टी आहेत, आणि बहुतेक खेळाडू त्या वगळतात.

पहिली, हिरवी पट्टी. फटीग रिकामा असेल तर तुमच्या घावाचं डॅमेज जवळपास निम्म्यावर येतं. उड्या मारत, सपासप वार करत लढणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. दोन-तीन वार, मग ढाल, मग पुन्हा वार. शिवाय बोथटलेलं हत्यार कमी डॅमेज करतं, म्हणून गुहेत शिरताना दुरुस्तीच्या चार-पाच हातोड्या सोबत असू द्या.

दुसरी, विष. गेटमधून जाता येणाऱ्या ऑब्लिव्हियन नावाच्या लाल प्रदेशात हराडा आणि स्पिडल स्टिक या दोन वनस्पती पावलोपावली मिळतात. दोघींचा पहिलाच गुण डॅमेज हेल्थ आहे, म्हणून अल्केमी अगदी कच्ची असली तरी त्यांचं विष बनतं. अल्केमी 25 ला पोहोचली की त्याच मिश्रणात डॅमेज मॅजिकाही (जादूची शक्ती घटवणं) येतो. एक बाटली एका घावापुरती असते, तेव्हा ती वॉरलॉर्डसाठी राखा.

तिसरी, कमकुवत करणारे मंत्र. सात शहरांतल्या मेजेस गिल्डच्या शिफारशी मिळवल्या की आर्केन युनिव्हर्सिटीत स्वतःचे मंत्र बनवता येतात. तिथे विकनेस टू मॅजिक 100 टक्के आणि विकनेस टू फायर 100 टक्के असा स्पर्शाचा मंत्र पाच-सहा सेकंदांचा करा. आधी तो टाका, मग वेगळा आगीचा मंत्र. 30 चं डॅमेज 120 च्या घरात जातं. दोन्ही एकाच मंत्रात कोंबलेत तर फायदा होत नाही, कारण सगळे परिणाम एकदमच लागू होतात आणि आगीला कमकुवतपणा सापडत नाही. मुदत दोन-तीन सेकंदांची ठेवलीत तर दुसरा मंत्र बाहेर पडेपर्यंत पहिला संपलेला असतो. ही युक्ती फसते ती बहुतेक वेळा या दोन कारणांनी.

आणि डिफिकल्टीची पट्टी थोडी डावीकडे सरकवण्यात कमीपणा नाही. ती अगदी उजव्या टोकाला नेली तर शत्रूचे घाव सहापट होतात आणि तुमचे एक षष्ठांश. एवढा मोठा पल्ला असल्याने अर्धा सेंटिमीटरही जाणवतो, म्हणून थोडी थोडी हलवा.

एप्रिल 2025 मध्ये आलेल्या रीमास्टर्ड आवृत्तीत हा गुंता बराच सुटला आहे. तिथे दर लेव्हलला 12 अंक मिळतात, ते तीन गुणांत वाटायचे, एका गुणाला जास्तीत जास्त 5, आणि लकचा एक अंक चार अंकांना पडतो. मायनर स्किलही लेव्हलला हातभार लावतात. शत्रू मात्र तिथेही तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात, तेव्हा विष, फटीग आणि मंत्रांचा सल्ला तसाच लागू आहे.

प्रश्न : ऑब्लिव्हियनमधली क्वाच शहराची कामगिरी मी मुद्दाम मागे ठेवली होती, ताकद वाढवून जाऊ म्हणून. आता लेव्हल 20 ला गेलो तर गेटच्या आत टिकावच लागत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ही कामगिरी लवकर करण्यातच फायदा असतो. लेव्हल 5 च्या आत गेलात तर समोर बहुतांशी किरकोळ स्कँप येतात. लेव्हल 20 ला त्यांच्या जागी डेड्रॉथ आणि स्पायडर डेड्रा उभे असतात.

आता तुम्ही पोहोचलाच आहात, तर सगळ्यांना मारायचा हट्ट सोडा. गेट बंद करण्यासाठी एकच गोष्ट लागते : सर्वांत उंच मनोऱ्याच्या माथ्यावरचा सिजिल स्टोन. तो हातात घेतला की तुम्ही थेट बाहेर फेकले जाता, मागे कितीही जण धावत असले तरी. मनोऱ्यांत रक्ताचे कारंजे असतात, त्यांना हात लावला की हेल्थ भरते. त्यांच्या जागा लक्षात ठेवा आणि एका कारंज्यापासून दुसऱ्यापर्यंत असा प्रवास करा. लढावंच लागलं तर दारात उभे राहून लढा, म्हणजे एका वेळी एकच जण अंगावर येईल. उशिरा जाण्याचा एक लाभही आहे. लेव्हल 17 पासून सिजिल स्टोन सर्वोच्च प्रतीचा मिळतो.

प्रश्न : स्कायरिममध्ये लोखंडी खंजीर घडवून घडवून स्मिथिंग 90 वर नेलं, स्पीच आणि सिक्युरिटीसारखी कुलपांची कामंही भरपूर केली. लेव्हल 30 झाली. वन-हँडेड (एका हाताच्या हत्यारांचं स्किल) मात्र 35. एक्स्पर्ट डिफिकल्टीवर डाकूंचा सरदार एका घावात लोळवतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : (स्कायरिममध्ये कुलपांच्या स्किलचं नाव लॉकपिकिंग आहे, पण प्रश्न कळला.) इथे मेजर-मायनर नाही. कुठलंही स्किल वाढलं की लेव्हल पुढे जाते, त्यामुळे भट्टीजवळ बसून मिळवलेली लेव्हलही शत्रूच्या खात्यात जमा होते. सुदैवाने तुम्ही वाढवलेलं स्किल लढाईत रोकडा फायदा देणारं आहे. फक्त तो फायदा अजून उचललेला दिसत नाही.

तलवार ग्राइंडस्टोनवर आणि चिलखत वर्कबेंचवर सुधारून घ्या. ज्या धातूचं सामान वापरता त्याचा स्मिथिंग पर्क (स्किलमधली निवडून घ्यायची खास क्षमता) घेतला असेल तर सुधारणा दुप्पट होते; तो पर्क नसताना 90 स्मिथिंगही निम्मं वाया जातं. जादूचं हत्यार सुधारायचं असेल तर स्मिथिंग 60 ला मिळणारा आर्केन ब्लॅकस्मिथ पर्क लागतो. सुधारायला बसण्याआधी फॉर्टिफाय स्मिथिंगचं पेय प्या.

चिलखताचं गणित नेमकं माहीत असू द्या. शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे आणि बूट हे चारही अंगावर असताना आर्मर रेटिंग 567 झालं की शारीरिक घावांपासून 80 टक्के बचाव होतो, आणि तीच कमाल मर्यादा आहे. त्यापुढचे आकडे फक्त दिसायला. चारपैकी एक जरी वगळलं तरी त्या वस्तूमागचा छुपा वाटा जातो, म्हणून शोभेसाठी शिरस्त्राण काढून फिरू नका.

यापुढचे पर्क वन-हँडेडमधल्या आर्म्समनमध्ये घाला. त्याच्या पाच पायऱ्या 0, 20, 40, 60 आणि 80 ला उघडतात, प्रत्येकी 20 टक्के, म्हणजे पाचही घेतल्यावर तलवारीचं डॅमेज दुप्पट. 35 वर तुम्हाला दोन पायऱ्या आत्ताच घेता येतील. प्रशिक्षकाकडून दर लेव्हलला वन-हँडेडचे पाच अंक विकत घ्या. खंजीर विकून हातात पैसा असेलच.

एक्स्पर्टवर तुमचं डॅमेज तीन चतुर्थांश होतं आणि शत्रूचं दीडपट. मास्टरवर निम्मं आणि दुप्पट, लेजंडरीवर एक चतुर्थांश आणि तिप्पट. वन-हँडेड 60 होईपर्यंत अडेप्टवर खेळा, तिथे दोन्ही बाजू समान असतात.

आणखी एक बाब. गुहा आणि किल्ल्यांची लेव्हल तुम्ही पहिल्यांदा आत पाऊल टाकता तेव्हा ठरते आणि तिथेच गोठते. अर्ध्यात सोडलेली जुनी ठिकाणं तुमच्यासाठी आत्ता सोपी असतील. तिथे जाऊन वन-हँडेड वाढवा. उलट, उगीच कुतूहलाने नव्या गुहेत डोकावून परत फिरायचं हे टाळा.

सरदारासाठी : इंप स्टूल आणि कॅनिस रूट यांचं पक्षाघाताचं विष तलवारीला लावा. तो पडला की अंगावर धावून मोठे घाव घाला. ड्रॉगर (चालती प्रेतं) आणि ड्वेमर यंत्रांवर मात्र विष मुळीच चालत नाही, तिथे बाटल्या वाया घालवू नका.

प्रश्न : आर्मर 567 च्या पुढे आहे, तरी ड्रॅगनच्या एका फुंकरीत आणि जादूगारांच्या विजेत मरतो. असं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आर्मर जादू अडवत नाही. त्यासाठी मॅजिक रेझिस्टन्स हवा. मॉर्थलच्या पूर्वेच्या लॉर्ड स्टोनकडून 25 टक्के मिळतो, वर 50 आर्मरही. रिफ्टनच्या मारा मंदिरातली बुक ऑफ लव्ह ही कामगिरी जवळजवळ लढाईशिवाय होते आणि कायमचा 15 टक्के देते. आल्टरेशनच्या पर्कमधून 30 टक्क्यांपर्यंत जाता येतं. हे तिन्ही मिळून 70 झाले, मर्यादा 85 आहे. आग, बर्फ, वीज यांचा प्रतिकार वेगळा मोजला जातो आणि नंतर लागू होतो. म्हणून 50 टक्के मॅजिक आणि 50 टक्के फायर असेल तर ड्रॅगनच्या आगीचा फक्त एक चतुर्थांश तुमच्यापर्यंत पोहोचतो. एकच आकडा शंभराकडे रेटण्यापेक्षा दोन्ही मध्यम ठेवणं स्वस्त पडतं.

प्रश्न : विचर 3 मध्ये लांडगे आणि उंदीरसुद्धा माझ्याच लेव्हलचे येतात. गेम बिघडला आहे का?
— एक वाचक, शारजा

उत्तर : नाही, एनिमी अपस्केलिंग चालू आहे. ऑप्शन्समध्ये गेमप्लेखाली ते बंद करा. चालू असताना तुमच्यापेक्षा खालचे सगळे शत्रू तुमच्या लेव्हलवर आणले जातात, आणि कळपाने येणाऱ्या छोट्या प्राण्यांच्या बाबतीत ते फार जाचक होतं. आमच्या मते पहिल्यांदा खेळताना बंद, दुसऱ्यांदा चालू. चालू ठेवायचंच असेल तर क्वेन (संरक्षक कवचाची जादू) लावल्याशिवाय कळपात शिरू नका, आणि लांडग्यांवर पोलादी तलवार काढा, चांदीची राक्षसांसाठी. अंगातून घाव आरपार जाणाऱ्या रेथसारख्या शत्रूंना यर्डेन या जादूच्या वर्तुळात ओढा. तिथे ते घन होतात.

प्रश्न : एल्डन रिंगचा शॅडो ऑफ द अर्डट्री हा भाग सुरू केला. लेव्हल 180 आहे, तरी पहिलाच बॉस दोन घावांत मारतो. आणखी रून (लेव्हल वाढवायला लागणारं चलन) गोळा करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रूनने फारसा फरक पडणार नाही. इथे शत्रू तुमच्याबरोबर वाढत नाहीत, ते आपल्या जागी पक्के आहेत. पण या भागापुरती ताकद वेगळ्याच मापाने मोजली जाते : स्कॅडूट्री फ्रॅगमेंट. ते एकूण 50 आहेत आणि त्यांतून ब्लेसिंग 20 पर्यंत चढतं. त्याने तुमचं डॅमेजही वाढतं आणि तुम्हाला बसणारे घावही हलके होतात. बरेच तुकडे मिकेलाच्या क्रॉसपाशी सापडतात. गोळा केले म्हणजे लागू झाले असं होत नाही. साइट ऑफ ग्रेसपाशी बसून मेन्यूतून ते खर्च करावे लागतात, आणि अनेकजण नेमकं तेच विसरतात. बॉस सोडून आधी मोकळ्या प्रदेशात हिंडा, ब्लेसिंग 4-5 वर न्या, मग परत या. व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) 60 पेक्षा कमी असेल तर लार्व्हल टिअर वापरून राया लुकारियात रेनालाकडे गुण नव्याने वाटून घ्या आणि व्हिगर 60 वर थांबवा, त्यापुढे एका अंकाला मिळणारी हेल्थ फारच कमी होते.