भिंतीवरची रिअ‍ॅक्शन: आधी एवढंच करा

सीएफडीत, म्हणजे संगणकावर द्रव-वायूचा प्रवाह सोडवताना, भिंतीवर होणारी रासायनिक रिअ‍ॅक्शन पहिल्यांदाच घालताय? मग सगळं एकदम चालू करू नका. आधी रिअ‍ॅक्शन बंद ठेवून नुसता प्रवाह सोडवा. तो स्थिरावला की भिंतीवर एकच, पहिल्या कोटीची (जिचा दर पदार्थाच्या संहतीच्या, म्हणजे दाटपणाच्या, सरळ प्रमाणात असतो) रिअ‍ॅक्शन लावा.

नवीन माणूस अडकतो ते इथे:

- एकके: पृष्ठभागावर रिअ‍ॅक्शनचा दर प्रति चौरस मीटर असतो, प्रति घनमीटर नव्हे. सक्रियण ऊर्जेत (रिअ‍ॅक्शन घडायला ओलांडावी लागते ती ऊर्जा) मोल-किलोमोलची गल्लत करून मी अख्खा आठवडा घालवलाय. ऊर्जा १००० पट जास्त, आणि भिंत ढिम्म!
- भिंतीलगतचं मेश (गणितासाठी पाडलेली जाळी): संहती तिथेच झपकन उतरते. जाळीचे थर बारीक करा. उत्तर बदललं तर अजून बारीक.

रेसिड्युअल (समीकरणं सोडवताना उरलेली तफावत) उतरले म्हणून खूश होऊ नका. अभिकारक (रिअ‍ॅक्शनमध्ये खपणारा पदार्थ) आत किती आला, बाहेर किती गेला, भिंतीवर किती खपला, हा हिशेब जुळवा. अनेक टप्प्यांच्या रिअ‍ॅक्शन नंतर बघू.