‘ताठरता’ की ‘आखडणे’? गुडघ्याच्या प्रश्नावलीतला एक शब्द

पुण्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनआधी आणि नंतर पेशंटकडून ‘वोमॅक’ ही सांध्यांच्या त्रासाची मूळ इंग्रजी प्रश्नावली भरून घेतात. त्यांच्या मराठी मसुद्यात ‘स्टिफनेस’साठी ‘ताठरता’ लिहिलं आहे. उलट भाषांतरात, म्हणजे मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडून पाहताना, तो शब्द बरोबर ठरला, पण ओपीडीतल्या आज्या विचारतात, “ताठरता म्हणजे काय गं?” मग कोणता शब्द घ्यावा?

माझं उत्तर: ‘आखडणे’. आणि नाम नको, क्रियापदच घ्या.

‘ताठरता’ चुकीचा नाही, पण बोलण्यात तो माणसाच्या स्वभावाला चिकटलेला आहे. भूमिका ताठर असते, एखाद्याचे वडील ताठर असतात. “माझा गुडघा ताठर झालाय” असं मी कुणाकडूनही ऐकलेलं नाही. तरी तो उलट भाषांतरात टिकला, कारण ‘ताठरता’ वाचून इंग्रजी जाणणारा कुणीही ‘स्टिफनेस’ असंच लिहिणार. त्या तपासणीत अर्थ निसटला तर कळतं. शब्द कानाला परका असेल तर कळत नाही. म्हणूनच अशा प्रश्नावल्या दुसऱ्या भाषेत नेण्यासाठी संशोधक बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत शेवटची पायरी ३० ते ४० जणांकडून फॉर्म भरून घेऊन त्यांना काय समजलं ते विचारण्याची आहे. आज्यांचा “म्हणजे काय गं?” हा त्या पायरीवरचा निकालच आहे. तो उलट भाषांतराच्या वर धरा.

आता लोक खरोखर काय बोलतात ते पाहू. सगळ्यात जास्त कानावर पडतं ते ‘धरणे’: सांधे धरलेत, पाठ धरली. फार जिवंत शब्द आहे, माझी आई हाच वापरायची. तरी इथे तो नको, कारण ‘धरलाय’मध्ये दुखणंही येतं. वोमॅकच्या २४ प्रश्नांपैकी ५ वेदनेचे, २ या आखडण्याचे आणि १७ रोजच्या हालचालींचे आहेत. ‘धरणे’ घेतलं तर पेशंट वेदनाच दुसऱ्यांदा मोजून देईल.

‘अवघडणे’ही जवळचा वाटतो. पण मांडी घालून कीर्तनाला तासभर बसलं की धडधाकट माणसाचाही पाय अवघडतो. आजी म्हणतील, “ते तर सगळ्यांचंच होतं.” शिवाय संकोचाने अवघडणं आहे आणि दिवस भरलेली बाईही अवघडलेली असते. एका शब्दावर किती भार टाकायचा!

‘आखडणे’त मात्र नेमकं तेच आहे: सांधा आवळल्यासारखा होतो, वाकवायला-सरळ करायला वेळ लागतो. त्याचा विरुद्ध शब्दही लोकांच्या तोंडी तयार आहे, ‘मोकळा होणे’. “चार पावलं चालले की मोकळा होतो” हे वाक्य तुम्ही ओपीडीत ऐकलंच असेल. वोमॅकच्या प्रश्नातही स्टिफनेस म्हणजे सांधा हलवताना जाणवणारी अडचण किंवा मंदपणा असाच खुलासा आहे. म्हणून मी असं लिहीन:

“सकाळी जाग आल्यावर तुमचा गुडघा किती आखडलेला असतो? (म्हणजे पटकन हलवता येत नाही, सावकाश मोकळा होतो.)”

“दिवसभरात बसून, पडून किंवा विश्रांती घेऊन उठताना गुडघा किती आखडतो?”

उत्तरांच्या पायऱ्यांमध्येही ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ नको. ‘अजिबात नाही, थोडा, बऱ्यापैकी, खूप, अतिशय’ असं बोला. मात्र ‘बऱ्यापैकी’ आणि ‘खूप’ यांतला फरक पेशंटना जाणवतो का, ते विचारून बघा.

अंघोळीच्या टबात शिरण्या-निघण्याच्या प्रश्नाबद्दलही तुम्ही लिहिलंय. पुण्यातल्या बहुतेक घरी बादली, तांब्या आणि स्टूल किंवा पाट असतो. तिथे फक्त ‘टब’ काढून ‘बाथरूम’ लिहू नका. बाथरूममध्ये चालत जाण्यात गुडघ्याची कसोटी कसली? टबात काठावरून पाय उचलून न्यावा लागतो, बसावं आणि उठावं लागतं. त्यामुळे ‘अंघोळीला स्टुलावर किंवा पाटावर बसताना-उठताना’ हे त्या कष्टाच्या जास्त जवळ जातं. मात्र पाट आणि स्टूल यांच्या उंचीतही मोठा फरक आहे, तेव्हा दोन्हींपैकी एकच ठरवा. आणि हा बदल शब्दापुरता नाही, प्रश्नाचा आहे. प्रश्नावलीचे हक्क राखीव असल्याने हक्कधारकांची परवानगी घ्या आणि तो का केला ते भाषांतर तपासणाऱ्या समितीच्या टिपणात लिहून ठेवा.