मानधन घेतले म्हणजे चित्रांचे हक्कही दिले का?

प्रश्न : कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी एका प्रकाशकांसाठी बालपुस्तकाची २४ चित्रे काढली. करार झाला नाही. ‘या पुस्तकासाठी चित्रे हवीत’ असा त्यांचा ईमेल आला आणि मानधन मिळाले. आता तीच चित्रे दिनदर्शिकेवर माझ्या नावाशिवाय छापली आहेत. ‘पैसे दिले, चित्रे आमची,’ असे ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : प्रकाशक जितक्या ठामपणे बोलत आहेत, तितका ठाम आधार त्यांना कायद्यात नाही, मात्र एका तरतुदीचा आसरा ते घेऊ शकतात, हे आपण आधीच जाणून असावे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्कधारक तिचा कर्ता असतो, आणि आपण त्यांच्या पगारी नोकरीत नसल्यामुळे नोकरीतील कामाचा अपवाद आपल्याला लागू नाही. अडचण दुसऱ्या अपवादाची आहे. मोबदला देऊन काढून घेतलेले ‘पेंटिंग’ किंवा व्यक्तिचित्र, तसे नसल्याचा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचे होते. या अपवादात ‘ड्रॉइंग’ हा शब्द नाही, आणि कलाकृतीच्या व्याख्येत तर पेंटिंग व ड्रॉइंग वेगवेगळी नोंदलेली आहेत. त्यामुळे शाईच्या रेखाटनांबाबत आपली बाजू बळकट आहे, पण जलरंगातील पानभर चित्रे असतील तर त्यांवर वाद होऊ शकतो. अशा वेळी ‘या पुस्तकासाठी’ हे दोन शब्दच आपल्या सर्वाधिक कामाचे आहेत, कारण वेगळा करार लेखीच हवा असे कलम १७ म्हणत नाही.

आपण हक्क हस्तांतरित केले, असा दावा त्यांनी केला तर कलम १९ आडवे येते : हस्तांतरण लेखी व आपल्या सहीचे हवे, आणि कोणते हक्क दिले हे त्यात नमूद हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. असा कागद येथे नाहीच.

नावाचा प्रश्न सोपा आहे. हक्क कोणाकडेही असले, तरी कर्तेपण सांगण्याचा कलम ५७ चा अधिकार आपलाच राहतो.

ईमेल, मूळ चित्रे आणि दिनदर्शिकेची प्रत जपून ठेवावी. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. प्रथम वकिलामार्फत नोटीस द्यावी. दावा करावा लागल्यास कलम ६२ मुळे तो आपण राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही चालतो. मात्र तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर व्यापारी स्वरूपाच्या दाव्याआधी मध्यस्थीची पायरी घ्यावी लागू शकते. दावा दाखल करण्याची तीन वर्षांची मुदत ध्यानात ठेवावी.

नोटिशीनंतर प्रकाशक किरकोळ रक्कम देऊन ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागतील, असा माझा अंदाज आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय ती करू नये; आज त्यांच्याकडे नसलेला सहीचा कागद त्यांना तेथेच मिळेल.