ओ२ की ओ३?

प्रश्न : एका सी प्रोग्रॅमचं डेबियन (एक लिनक्स वितरण) पॅकेज बनवतो आहे. मूळ मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) 'ओ३' (कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करण्याची पातळी) आणि 'मार्च=नेटिव्ह' (बिल्ड मशिनच्याच प्रोसेसरसाठी कोड काढ) आहे, डेबियनचा रिवाज 'ओ२' चा. कोणाचं ऐकू?

उत्तर : ओ२ ठेवा; पण त्याआधी 'मार्च=नेटिव्ह' काढा, खरा धोका तिथे आहे. तुमच्या बिल्ड मशिनला एव्हीएक्स-५१२ (काही प्रोसेसरांतच असलेल्या जादा सूचना) असेल तर कंपायलर तसा कोड काढेल, आणि जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत मरेल. तोही बहुधा एखाद्या कोपऱ्यातल्या फंक्शनपाशी पोचल्यावर. तुमच्याकडे मात्र सगळं सुरळीत, त्यामुळे तक्रार आली तरी पटत नाही.

ओ३ काही गुन्हा नाही. त्यात इनलाइनिंग (फंक्शनचा कोड बोलावल्या जागीच घालणं) वाढतं, लूपच्या प्रती निघतात, कोड फुगतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये मावला नाही तर वेग उलट घटतो. व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) ही ओ३ची मोठी मिळकत होती. जीसीसी या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२२) ते ओ२ मध्येही आलं, जरा हात राखून. म्हणून कॉम्प्रेशन, व्हिडिओ, आकडेमोड असं काही असेल तरच 'पर्फ स्टॅट' (वेग मोजणारं साधन) दोन्ही बिल्डवर दहा-दहा वेळा चालवा. फरक मोजणीच्या चढउताराएवढाच दिसला तर विषय संपला. चांगला दिसला तर 'डेब_सीफ्लॅग्ज_मेंट_अपेंड' (डेबियनच्या फ्लॅगांत भर घालणारं व्हेरिएबल) मध्ये ओ३ घाला. अनेक 'ओ' दिले तर शेवटचा लागू होतो.

एक गोची : मेकफाइलमध्ये 'सीफ्लॅग्ज =' (कंपायलरला द्यायचे फ्लॅग) असेल तर एन्व्हायर्नमेंटमधून आलेले डेबियनचे फ्लॅग गुपचूप गळतात. ओ२ जातोच, सोबत स्टॅक प्रोटेक्टरही (मेमरीवरच्या हल्ल्यांपासूनचं संरक्षण) जातो. छोटा पॅच करून '=' चं '?=' (आधी मूल्य नसेल तरच लागू) करा आणि बिल्ड लॉगमधली एखादी जीसीसीची ओळ डोळ्यांनी वाचा.

प्रश्न : डीबगिंगसाठी 'नोऑप्ट' लावलं, तर 'फॉर्टिफाय सोर्स' (बफर ओलांडला जातो का याच्या तपासण्या) बद्दल वॉर्निंग येऊन बिल्डच थांबतो.

उत्तर : नोऑप्ट म्हणजे ओ० (ऑप्टिमायझेशन बंद), आणि फॉर्टिफायच्या तपासण्या ऑप्टिमायझेशनशिवाय चालत नाहीत. नुसती वॉर्निंग चालली असती, पण प्रोजेक्टमध्ये 'डब्ल्यूएरर' असल्याने तिची एरर होते. त्या बिल्डपुरता डब्ल्यूएरर काढा किंवा 'ओजी' (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) वापरा.

प्रश्न : 'ओफास्ट' (ओ३च्याही पुढची पातळी) चालेल का?

उत्तर : पॅकेजमध्ये नको. त्यात 'फास्ट-मॅथ' येतं, म्हणजे एनएएन ('आकडा नाही' असं मूल्य) नसतोच असं कंपायलर धरून चालतो आणि तुमची 'इझनॅन' ची तपासणी उडवू शकतो. शिवाय जीसीसी १३ च्या आधी अशी शेअर्ड लायब्ररी लोड झाली, की ती लोड करणाऱ्या प्रोग्रॅमचेही अतिसूक्ष्म दशांश एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसर) वर शून्य होत.