गाडी मुळातच उघडी होती का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे कुटुंब दोन पिढ्यांपासून चादरी आणि टॉवेलच्या धंद्यात आहे, जुन्या गाड्यांची आवड मात्र मला वडिलांकडून आली. मुंबईतील एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये 1962 सालची, ब्रिटनमध्ये तयार झालेली ट्रायम्फ हेराल्ड 1200 कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी गाडी, आहे. अंदाजित किंमत 8 ते 10 लाख रुपये दिली आहे. गाडी ‘पूर्णपणे पूर्ववत केलेली’ असून एके काळी एका चित्रपट कलावंताकडे होती, असेही म्हटले आहे. सगळा खर्च धरून 10 लाखांपलीकडे जाण्याची माझी ऐपत नाही. तिची खरी किंमत मी कशी ठरवावी?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : रंग, क्रोम आणि सीटकव्हर यांच्याकडे पाहण्याआधी आपण एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे, असे मी आग्रहाने सांगेन. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा उघडी होती, की नंतर कोणी तिचे छत काढले? कोणत्याही कन्व्हर्टिबलला हा प्रश्न विचारावा लागतो. पण हेराल्डच्या बाबतीत तो टाळणे फार महागात पडते, कारण या गाडीचे छत बोल्टांनी बसवलेले असते. 1959 साली ती बाजारात आली तेव्हा बहुतेक कारखाने बॉडी आणि चासी (खालचा सांगाडा) एकसंध करण्याकडे वळले होते. ट्रायम्फने मात्र चासी वेगळी ठेवली आणि इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्ती यांनी आखलेल्या बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टांनी जोडले. दुरुस्तीच्या दृष्टीने ही रचना अतिशय सोयीची आहे, पण त्याच सोयीमुळे बंद हेराल्डचे छत उतरवून तिच्यावर कापडी हूड चढवणे एखाद्या हुशार गॅरेजला अवघड जात नाही. अशी गाडी रस्त्यावर सुंदर दिसते आणि तिच्यातून फिरण्याचा आनंदही तितकाच मिळतो. तरीही तिची किंमत बंद हेराल्डच्या हिशोबानेच करावी लागते.

खात्री करण्यासाठी इंजिनाच्या कप्प्यातील क्रमांकाची पट्टी पाहावी. हेराल्ड 1200 चा क्रमांक ‘जीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि कारखान्यातच कन्व्हर्टिबल म्हणून बनलेल्या गाडीच्या क्रमांकाच्या शेवटी ‘सीव्ही’ ही अक्षरे असतात. अर्थात पट्टी नवी करून लावता येते. म्हणून विक्रेत्याकडे हेरिटेज प्रमाणपत्राची मागणी करावी. ब्रिटनमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदींवरून असे प्रमाणपत्र शुल्क घेऊन देते आणि त्यात गाडी केव्हा बनली, तिचा मूळ रंग कोणता होता, तिच्यात कोणत्या क्रमांकाचे इंजिन बसवले होते, अशा नोंदी मिळतात. इंजिनाचा क्रमांकही ‘जीए’नेच सुरू व्हायला हवा. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला 948 सीसीचे इंजिन असे, तर आपण पाहत असलेल्या गाडीचे मूळ इंजिन 1147 सीसीचे आहे. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर परदेशी गाडीत देशी इंजिन बसवले जाणे आपल्याकडे नवलाचे नाही आणि तसे झाले असेल तर किंमत उतरते. एक खुलासा येथे आवश्यक आहे : या गाड्यांचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळा येई, त्यामुळे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत एवढ्यावरून गाडी नाकारू नये, ते मूळ नोंदीशी जुळतात का, हे पाहावे.

कागदांनंतर पत्रा. लिलावाआधी गाड्या पाहण्यासाठी जे दिवस ठेवलेले असतात, त्यांतील एक दिवस आपण मुंबईत काढलाच पाहिजे आणि जुन्या पत्र्याचे काम जाणणारा सोलापुरातील एखादा मिस्त्री सोबत न्यावा, कारण फोटोत पुट्टी दिसत नाही. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरील एका गॅरेजात मला एका परिचितांनी त्यांची नुकतीच घेतलेली उघडी गाडी दाखवली. गडद लाल रंग आरशासारखा होता. रुमालात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक मी दरवाजाखालच्या पट्टीवरून सरकवत नेले. पुढे ते नीट धरत होते, मध्यावर आले आणि वीतभर जागेत सुटून खाली पडले. त्या वीतभर जागेत पत्रा उरलाच नव्हता. मग आम्ही मागचे एक चाक जॅकवर घेतले आणि दरवाजा लावून पाहिला, तर त्याची खालची कड चौकटीला घासली आणि नव्या रंगाचा नखाएवढा टवका उडून फरशीवर पडला. छत नसलेल्या गाडीला वरून आधार नसतो, सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो. तो गंजला की गाडी मधून वाकते आणि दरवाजांच्या फटी ते सांगतात. हेराल्डमध्ये चासीपासून बाजूला निघणारे, बॉडीला आधार देणारे हात आधी कुजतात, म्हणून आपल्या मिस्त्रीला गाडीखाली झोपू द्यावे. मागच्या बाजूला, जेथे छताचे बोल्ट बसत, तेथे भोके बुजवल्याच्या खुणा आढळल्या तर वरचा मूळ प्रश्न तिथेच निकालात निघेल.

हूडच्या बाबतीत आपला व्यवसाय आपल्याला उपयोगी पडेल. कापडाची वीण, शिवणीवरचा ताण, पाणी रोखणारा थर सुटला आहे का, हे आपल्या बोटांना लिलावातील तज्ज्ञापेक्षा लवकर कळेल. तरी कापडाला फार महत्त्व देऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडून आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो तेव्हा, कापड विटणारच आणि मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून तडकणारच. चांगला कुशनवाला ते सगळे नवे करून देईल. हूडच्या लोखंडी कमानी, त्यांचे सांधे आणि पुढच्या काचेच्या चौकटीवरचे अडकवण्याचे खटके मात्र मूळचे आणि पूर्ण असायला हवेत. ते हरवले असतील तर परदेशातून मागवावे लागतात आणि त्यात पैसा व महिने दोन्ही जातात. हूड आपल्यासमोर उघडून पुन्हा लावून दाखवा, असे निःसंकोच सांगावे.

चित्रपट कलावंताच्या उल्लेखासाठी कागद नसेल तर एक रुपयाही वाढवू नये. मालकाच्या नावामुळे किंमत चढते, हे खरे आहे : अभिनेता गॅरी कूपर यांची 1935 सालची ड्युसेनबर्ग एसएसजे ही उघडी गाडी 2018 साली अमेरिकेतील पेबल बीच येथे 2 कोटी 20 लाख डॉलरना विकली गेली. पण त्या प्रकारच्या दोनच गाड्या बनल्या होत्या आणि तिच्या मालकीचा इतिहास नोंदलेला होता. आपल्या गाडीच्या आरसी बुकात, विम्यात किंवा आयातीच्या कागदात ते नाव असेल तर गोष्ट वेगळी.

आता आकडा. कॅटलॉगमधील अंदाज म्हणजे मूल्यांकन नसते. बोलीदारांना जागे करण्यासाठीही तो दिला जातो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्रेता गाडी देत नाही ती रक्कम, सहसा खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसते, एवढाच त्याचा व्यवहारात उपयोग. आपण गेल्या दोन-तीन वर्षांत भारतात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या हेराल्डच्या किमती गोळा कराव्यात. जाहिरातीत मागितलेल्या किमती धरू नयेत आणि ब्रिटनमधील किमतीला विनिमय दराने गुणूही नये, कारण तेथे या गाड्या मुबलक आहेत आणि सुटे भाग घरपोच येतात. शिवाय हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नसते. लिलावगृह खरेदीदाराकडून प्रीमियम, म्हणजे बोलीवर टक्केवारीने आपले शुल्क, घेते. तो 15 टक्के असेल आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असेल, तर 8 लाखांच्या बोलीवर 1,20,000 आणि 21,600 वाढून रक्कम 9,41,600 रुपये होते. गाडीवर वेगळा कर आहे का, हे अटींत वाचावे. उरलेल्या 58,400 रुपयांत गाडी ट्रकवरून सुमारे 400 किलोमीटर आणायची, टायर, ब्रेकचे रबर आणि वायरिंग बदलायचे आणि नोंदणी करायची आहे. म्हणून गाडी मूळ कन्व्हर्टिबल असल्याचे सिद्ध झाले, तरीही आपली शेवटची बोली 7 लाखांच्या आत असावी, असे माझे मत आहे. सिद्ध झाले नाही, तर आपण बोलीसाठी हात वर करूच नये. ही मर्यादा घरी कागदावर लिहून ती चिठ्ठी लिलावाच्या वेळी सोबत आलेल्या माणसाच्या हाती द्यावी.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजोबांची 1930 सालची फोर्ड मॉडेल ए, उघडी, कित्येक वर्षे पडून आहे. लिलावात देण्यापूर्वी तिला रंग देऊन चकचकीत करावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : कृपया करू नये. 2015 साली पॅरिसमध्ये बायों कुटुंबाच्या संग्रहातील फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखालून जशी निघाली तशीच, धुळीसह मांडली गेली आणि 1 कोटी 60 लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. मॉडेल ए लाखोंच्या संख्येने बनली असल्याने तसली किंमत मनात धरू नये. पण मूळ रंग, मूळ चामडे आणि मूळ लाकूड एकदा गेले की परत आणता येत नाही, हे तिलाही लागू आहे. या गाडीत इंजिनाचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूनेही ठोकलेला असतो आणि तो बॉडीखाली झाकलेला राहतो. इंजिन पूर्वी कधी बदलले असेल, तर आरसी बुकातील क्रमांक, इंजिनावरचा आणि चासीवरचा असे तिन्ही वेगळे निघू शकतात. जे आहे ते तसेच सांगावे; कोणी ‘नवा नंबर ठोकून देतो’ म्हणाला तर त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नये. आजोबांच्या वेळचे पेट्रोलचे बिल, लग्नातला फोटो, विम्याची पावती असे जे सापडेल ते एका फाइलमध्ये ठेवावे. धूळ मऊ कापडाने पुसावी आणि इंजिन जाणकाराने तेल घालून हाताने फिरवेपर्यंत स्टार्टर मारू नये.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी केल्यास मूळ नंबर जाईल आणि किंमत कमी होईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : 2021 च्या नियमांनुसार आधी नोंदणी झालेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो, ‘व्हीए’ अक्षरांची मालिका नव्याने नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी आहे. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, म्हणजे छत कापलेली गाडी येथेही अडचणीत येऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्याला दररोज चालवायची आहे असा खरेदीदार त्यामुळे कमी बोली लावेल आणि संग्राहक बहुधा जास्त लावेल.